धोंड्याची साडी आहेरात परत माहेरी आली

निळी_किनार
सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. बरीच वर्षं इथं वाचते, लिहीत नाही. पण नोव्हेंबरच्या शेवटी दिराचं लग्न झालं, तेव्हापासून एक गोष्ट पोटात आहे. नवऱ्याला सांगावं तर त्याच्या आईची तक्रार केल्यासारखं होतं. आईला विचारायची हिंमत होत नाही.

आधी घरचं सांगते. माझं माहेर सोलापुरात पूर्व भागात, दोन खोल्यांचं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे चादरीच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. आई विड्या वळायची. रात्री पान भिजत घालायचं, सकाळी कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायचं. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की त्यातून छाट निघायची, तिचे पैसे नाहीत. विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, तिच्यावर माझं बी.कॉम. झालं आणि मी बँकेत लागले. स्थळ आलं ते त्या नोकरीकडे बघून, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सासरचं कापडाचं दुकान आहे, जुळे सोलापुरात बंगला आहे. २०१४ ला लग्न झालं.

सासरचे लोक वाईट नाहीत. छळ नाही, मागणी नाही. पण अकरा वर्षांत सासूबाई माझ्या माहेरी तीनदा आल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या २०२३ च्या अधिक श्रावणात, धोंड्याच्या जेवणाला. आईनं त्यासाठी वर्षभर भिशी लावली होती. जावयाला चांदीचा दिवा, तेहतीस अनारसे, आणि विहिणीला इरकल. हिरवी, लाल काठाची, दोन हजार दोनशेची. दुकानातून फॉल लावून घेतला तर शंभर रुपये जास्त, म्हणून तो आईनं घरीच लावला. घरात हिरवा दोरा नव्हता. विडीला बांधायचा गुलाबी धागा होता, त्यानंच तिनं टाके घातले. आई टाके इतके बारीक घालते की वरून काही दिसत नाही, काठ उलटला तरच कळतं.

त्या दिवसातलं अजून एक सांगते. तेव्हा आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. विहीणबाईंना ड्रमातलं पाणी कसं द्यायचं, म्हणून आईनं वीस लिटरचा जार मागवला होता. सासूबाई आल्या त्या स्वतःची बाटली घेऊन. आई एवढंच म्हणाली, "बरं केलं त्यांनी, बाधलं-बिधलं असतं तर." जार तसाच कोपऱ्यात राहिला. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यावर आईनं वरण शिजवलं.

आता दिराच्या लग्नातलं. आहेराच्या वेळी आईला वर बोलावलं, सासूबाईंनी कुंकू लावलं, ओटीत साडी-नारळ घातला. आईनं साडी कपाळाला लावली. खाली येऊन खुर्चीवर बसली आणि सवयीनं काठ उलटून बघितला. मी समोरच उभी होते. गुलाबी टाके मलाही दिसले. आईनं काठ होता तसा केला, साडी पिशवीत घातली आणि जेवायला चला म्हणाली.

या विषयावर ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. आणि आता १७ मे पासून पुन्हा अधिक महिना लागतोय, अधिक ज्येष्ठ. परवा गड्ड्याच्या जत्रेत भेटली तर म्हणाली, "पाचशेची भिशी लावलीय गं, धोंडा येऊलालाय की." मी काय करू?

बाळीवेस_कट्टा
सोमवार, रात्री ११.५२

वाचून जीव तुटला. ताई, तुमच्या सासूबाईंनी हे मुद्दाम केलं असो की नसो, तोंडावर सांगा. अकरा वर्षं गप्प बसलात, तिथंच चुकलं. पैसा आला की माणसाला समोरच्याचा हात दिसत नाही. आमच्या आत्यानं हेच सोसलं आणि शेवटी सासर-माहेरचं येणं-जाणंच बंद झालं.

पारिजात
मंगळवार, सकाळी ७.१५

मी सरळ सांगते, धोंडा बंद करा. आईला सांगा, जेवायला बोलव, बाकी काही नको. धोंड्याच्या नावाखाली किती घरं कर्ज काढतात ते मी बघितलंय. माझ्या मैत्रिणीला २०२३ लाच सासरहून निरोप आला होता, "आमच्यात जावयाला अंगठी असते." असा निरोप म्हणजे मागणी. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नाआधीची, लग्नातली आणि लग्नानंतरचीही मागणी येते, हे आपल्या बायकांना माहीत असायला हवं. तुमच्याकडे मागणी नाही हे खरं, पण तुमच्या आईनं भिशी कुणाच्या धाकानं लावलीय हे स्वतःला विचारा. "लोक काय म्हणतील" हाही धाकच.

होटगीरोडची_काकू
मंगळवार, दुपारी १.४०

मी सासू आहे, आणि माझ्याही कपाटात देण्याच्या साड्यांचा गठ्ठा आहे. त्यामुळे थोडं माझंही ऐका.

ज्या घरात येणं-जाणं मोठं, तिथं वर्षाला तीस-चाळीस साड्या येतात. सगळ्या नेसून होत नाहीत. मग मानाच्या वेगळ्या, देण्याच्या वेगळ्या अशा लावाव्या लागतात. यात कमीपणा करायचा हेतू नसतो, माझ्या सासूबाईही हेच करायच्या. पण त्यांनी मला पहिल्या वर्षीच एक शिकवलं. आलेल्या प्रत्येक साडीला चिठ्ठी टाचायची, कुणाकडून आणि कोणत्या कार्याला. म्हणजे ती फिरून त्याच घरात जात नाही. तुमच्याकडे ही पद्धत नाही का? कापडाचं दुकान असलेल्या घरात नसेल असं वाटत नाही. तुमच्या सासूबाईंचं कपाट कोण बघतं?

आणि पारिजात, मागणीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण या आईचा धोंडा बंद करा असं मला म्हणवत नाही. मुलीच्या सासरी ही बाई कायम घेणारी असते. जावई गाडीतून सोडायला येतो, दवाखान्याचं बिल भरतो, दिवाळीला डबा पाठवतो. तेहतीस महिन्यांतून एकदा ती देणारी होते. तो पाट, ती रांगोळी, ते ताम्हन तिचं असतं. ते काढून घेतलंत तर तिच्याकडे काय राहिलं?

माझं उलटं आहे. मुलगा-सून पुण्यात. सून चांगल्या घरची, मनानं चांगली. मी दर वेळी शेंगाची चटणी कुटून नेते, उखळातली, तेल सुटेपर्यंत कुटलेली. मागच्या खेपेला तिचा फ्रीज आवरला तर तीन डबे तसेच, झाकणावर माझ्याच अक्षरात तारखा. मी काही बोलले नाही. चौथा डबा पिशवीतच ठेवला आणि परत आणला. म्हणून तुमच्या आईनं काठ उलटून बघितला हे वाचलं आणि माझं जेवण तसंच राहिलं.

दख्खनी_धोटा
मंगळवार, रात्री ९.०५

साडीबद्दल थोडं लिहितो, कारण मी विणणाऱ्या घरातला आहे. आमचे माग चादरीचे, पण इरकल आमच्या घरात कायम होती, आजी दुसरं काही नेसायची नाही. अस्सल इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला एकेक धागा धरून जोडतात. टोपे तेनी म्हणतात त्या पदराला. एका साडीपुरताच तो जोड, दुसऱ्या साडीला पुन्हा पहिल्यापासून. विणायला बसायच्या आधीच एवढं काम झालेलं असतं.

आता आवड कशी बदलते बघा. दहा वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या पोरी इरकल म्हटलं की "आजीची साडी" म्हणून नाक मुरडायच्या. आज त्याच पोरी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनातून तिप्पट पैसे देऊन आणतात. भाकरीचंही तेच झालं. पाहुणे आले की आमच्याकडे भाकरी झाकून ठेवायचे आणि पोळ्या करायचे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, डॉक्टर ज्वारी खा म्हणायला लागले, तशी मंगळवेढ्याची मालदांडी बंगल्यांतून गोणीनं जायला लागली. चादरीची पाळी अजून आलेली नाही. भौगोलिक मानांकन मिळालं तरी रुखवतात पानिपतचं मऊ ब्लँकेट दिसतं. ते स्वस्त पडतं, अंगालाही मऊ लागतं, घेणाऱ्याला मी दोष देत नाही. पण वडिलांनी मागावरची चादर नातवाला दिली आणि ती मुलीच्या घरी गाडी पुसायला निघाली, हे मी माझ्या बहिणीकडे बघितलंय. त्या दिवशी वडील गाडीकडे बघत बसले होते, चादरीकडे त्यांनी बघितलंच नाही.

ताई, काकूंनी विचारलेला प्रश्न माझ्याही मनात आला होता. कपाट कोण बघतं?

निळी_किनार
बुधवार, पहाटे ५.३०

रात्रभर झोप नाही. काकूंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

कपाट मी बघते. पाच वर्षं झाली, सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून. ती साडी मी त्या गठ्ठ्यात ठेवली होती. सासूबाईंनी नाही.

पहिल्यांदा लिहिताना हे लिहिलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं, पण हात तिथपर्यंत गेला नाही. बाळीवेस_कट्टा यांनी सासूबाईंना दोष दिला ते वाचून मला बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

झालं असं. धोंड्याहून घरी आलो. सासूबाईंनी साडी पलंगावर ठेवली. मीच म्हणाले, "तुम्हाला हा रंग नाही चालणार ना, देण्यात ठेवू का?" त्या म्हणाल्या, "तुझ्या आईनं दिलीय, तू बघ." त्यांनी ठेव म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मी ठेवली. आमच्याकडेही चिठ्ठ्या टाचतात, काकू. त्या साडीला मी टाचली नाही. चिठ्ठीवर काय लिहायचं ते सुचेना. "माझ्या घरून" लिहायचं की "विहीणबाई"? नुसतीच ठेवून दिली. लग्नाच्या गडबडीत नणंदेनं गठ्ठा उघडला, वरची चांगली दिसली, चिठ्ठी नाही म्हणजे दुकानातूनच आलीय असं समजून मानाच्या ताटात लावली. सासूबाईंनी ताट उचललं. तिच्याकडे किंवा त्यांच्याकडे बोट दाखवावं असं यात काही नाही.

रंगाचंही खरं सांगते. तो हिरवा सासूबाईंच्या आधी मला खुपला होता. पलंगावर त्यांच्या चादरी-पडद्यांच्या फिक्या रंगांत ती साडी एकदम उठून दिसली आणि मला वाटलं, कुणी बघायच्या आत उचलावी. माझ्या साखरपुड्याची साडी त्याच हिरव्या रंगाची होती. मीच निवडली होती, चाटी गल्लीत आईबरोबर चार दुकानं हिंडून.

हे एका साडीपुरतं नाही. आईचा फोन आला की मी गच्चीवर जाते, कारण तिच्याशी बोलताना "काय करूलालीस", "जेवूलालो" असंच तोंडात येतं आणि माझी मुलगी ते ऐकून हसते. आई घरी येणार असली की मी तिला आधी विचारते, कोणती साडी नेसून येणार. ती सांगते. मी "ती नको, दुसरी" म्हणते आणि ती दुसरी नेसून येते. अकरा वर्षांत तिनं एकदाही का म्हणून विचारलं नाही.

शुक्रवारची_हुतात्मा
बुधवार, सकाळी १०.१०

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी लिहितो. पुण्यात नोकरी, दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूर. वडील रिक्षा चालवायचे. सासरे बांधकाम व्यवसायात.

आमच्या फ्लॅटला सुरुवातीचे आठ लाख सासऱ्यांनी घातले. त्यांनी आजपर्यंत एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला जड जातं. ते आले की बेडरूममध्ये झोपतात, आम्ही बाहेर. माझे वडील आले की ते स्वतःच हॉलमध्ये अंथरूण टाकतात, "मला इथंच वारं लागतं" म्हणतात. बायकोनं तीनदा आत झोपा म्हटलं. ते आत गेले नाहीत. तिचा दोष नाही. वडिलांना घर कुणाच्या पैशाचं आहे ते माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी एक वही केली. सासऱ्यांना महिन्याला बारा हजार परत देतो. ते घेत नव्हते, आमच्यात बोलाचाली झाली, बायको आठवडाभर बोलली नाही. शेवटी सासरेच म्हणाले, "घेतो, पण नातवाच्या नावावर ठेवतो." त्यावर मी हो म्हटलं. वडील अजून हॉलमध्येच झोपतात. पण मागच्या महिन्यात आल्यावर त्यांनी पंख्याचं बटण स्वतः शोधून लावलं, मला विचारलं नाही.

तुमच्या आईला भिशी बंद कर म्हणू नका. आधी साडीचं खरं सांगा. बाकीचं त्यानंतर.

पारिजात
बुधवार, दुपारी १२.३०

मी काल "बंद करा" असं फटकन लिहिलं. मागून घेण्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तुमच्या घराबद्दल मी घाई केली. एक विचारते, भिशीत तुम्ही पैसे घातले तर?

निळी_किनार
बुधवार, रात्री १०.४५

पारिजात, मागच्या खेपेलाही म्हणाले होते. आई म्हणाली, "लेकीच्या पैशानं जावयाला धोंडा दिला तर तो धोंडा कुणाचा?" तिथं माझं तोंड बंद झालं.

सांगायचं ठरवलंय. आधी सासूबाईंना, मग आईला.

होटगीरोडची_काकू
गुरुवार, सकाळी ८.००

सासूबाईंना एकटीला गाठून सांगा. नवरा, नणंद समोर नको. आणि माफी मागायला गेल्यासारखं नको, झालं तसं सांगा. आईकडे जाल तेव्हा तिच्या कामाच्या वेळी जा. हातात काम असलं की आपल्या बायका खरं बोलतात.

निळी_किनार
मंगळवार, रात्री ११.०५

उशीर झाला, माफ करा. दोन्हीकडे बोलून झालं.

सासूबाईंना शुक्रवारी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पहिलं वाक्य हेच, "मी माझ्या हातानं त्यांना दिली?" मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाल्या, "तू मला नेसून तरी बघू द्यायची होतीस." मी म्हटलं, तुम्ही नेसला असता? त्या म्हणाल्या, "माहीत नाही. पण तू विचारलंच असं की हो म्हणायला जागा नव्हती." त्या बाटलीबद्दलही बोलल्या, मी विचारलं नव्हतं तरी. त्या वर्षी कावीळ होऊन गेली होती, डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलं होतं. आईला हे कुणी सांगितलंच नाही. मला कावीळ माहीत होती, बाटली माहीत होती, आणि ते आईला सांगायचं काम माझं होतं.

शनिवारी आईकडे गेले. पाण्याचा दिवस होता. पाणी सुटलं होतं, आई नळाला पाइप लावून ड्रम भरत होती. मी दुसरा पाइप धरला आणि सांगून टाकलं. ती ड्रमाच्या काठाकडे बघत राहिली, पाणी वर आलं तसा पाइप पुढच्या ड्रमात टाकला आणि म्हणाली, "मला माहीत होतं की."

मी विचारलं, कसं?

"घडी तुझी होती. पदर आत घेऊन तिहेरी. तुझ्या सासरी कुणी तशी घालत नाही. तुला मीच शिकवलीय."

म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या तिला सगळं कळलं होतं. टाके बघायच्या आधीच. दोन महिने ती मला फोन करत होती, गड्ड्यावर भेटली, नातीला खाऊ घेऊन दिला, आणि हे मनात ठेवून होती. मी रडायला लागले तर म्हणाली, "आधी पाणी भरून घे, जाईल." भरून झाल्यावर जवळ बसली. म्हणाली, "मीही तुझ्या आजीचं लुगडं बोहारणीला दिलं होतं. एका पातेल्यावर. तिनं विचारलं तेव्हा उंदरानं कुरतडलं म्हणाले." याच्यापुढे ती काही बोलली नाही.

काविळीचं सांगितलं तर म्हणाली, "आणि मी उगाच मनात धरून बसले." मग जरा थांबून, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मऊ भात केला असता."

मी साडी परत मागितली, सासूबाईंना द्यायला. सासूबाईंनीच सांगितलं होतं, मिळाली तर आण, या धोंड्याला तीच नेसून येते. आईनं दिली नाही. "ती आता माझी आहे. विहीणबाईंनी मानानं आहेर केलाय. आहेर कुणी परत देतं का?" सासूबाईंना मी तसंच सांगितलं. त्यांना राग आला नाही. ब्लाऊजपीस कोणत्या रंगाचा होता एवढं त्यांनी विचारलं.

भिशी चालू आहे. त्यात मी लुडबुड करणार नाही. सासूबाईंसाठी या वेळी काय घ्यायचं ते आई स्वतः त्यांना फोन करून विचारणार आहे. आजवर या दोघी माझ्या फोनवरूनच बोलल्यात. मी सासूबाईंचा नंबर आईच्या मोबाईलमध्ये घालून दिला. नाव काय टाकू विचारलं तर "विहीणबाई" म्हणाली.

रविवारी रथसप्तमी होती. आई तीच साडी नेसून गल्लीतल्या हळदीकुंकवाला गेली. मला फोटो पाठवला, शेजारच्या मुलीकडून काढून. मी गच्चीवर न जाता हॉलमध्येच बसून तिला फोन लावला. मुलगी शेजारी होती.

"आई, चांगली दिसूलालीस," मी म्हटलं.

मुलगी हसली नाही. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि आजीला विचारलं, "आजी, आतला धागा गुलाबी का आहे? मम्मीनं सांगितलं." आई तिला विडीच्या धाग्याचं सांगत बसली, पान कसं भिजवायचं तिथपासून.